सावडीचे पाच दिवस

अंकुशला त्या पावसाळ्यात काय काय मिळायचं होतं, ते आधी मांडून ठेवलेलं बरं. मागाहून जो तो आपल्या सोयीचं सांगतो.

गळ्यात घालायचं कार्ड मिळायचं होतं, निळ्या फितीचं, फोटोसकट. चिल्हार फाट्यावरून सुटणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये जागा मिळायची होती. गेली सहा वर्षं तो वडापच्या इको गाडीच्या दारात एक पाय आत, एक बाहेर ठेवून बोईसरला जात होता. लोखंडी कपाट मिळायचं होतं आणि त्याची किल्ली. रंगखात्यातून घडीखात्यात बदली व्हायची होती, म्हणजे हात कोरडे राहणार होते. आणि बायकोपाशीही ज्याबद्दल तो कधी बोलला नव्हता, ते नाव. गेटवरचा माणूस कंत्राटी कामगाराला ‘ए पाडेवाले’ म्हणतो, कायम झालेल्याला नावाने हाक मारतो. अडतीस वर्षांचा बाप्या एका हाकेसाठी काय काय करील, याचा अंदाज त्याला स्वतःलाही नव्हता.

बदल्यात द्यायचं होतं ते अगदी थोडं. जुलैपासून गणपतीपर्यंत एकही खाडा करायचा नाही.

हे त्याला रंगखात्याच्या सुपरवायझरने, शिवाजीने, पाळी सुटताना सांगितलं. शिवाजी मूळचा परभणीकडचा. बोलायला तोडून, मनाने तसा वाईट नाही.

“जागा एकच हाय. तुझं नाव मी लावतो,” शिवाजी म्हणाला. “पण आवणी आली की तुम्ही पाड्यावरची पोरं पळता. निम्मं खातं रिकामं. हे वरच्यांना आता ठाऊक झालंय. औंदा जो टिकंल त्याचं काम होईल.”

“चार दिस तरी साहेब?”

“चार दिवसांची बदली सुट्टी साचलीय तुझी, ती घे. ती खाड्यात धरत न्हाईत. पाचव्या दिवशी गेटवर दिस मला.” शिवाजीने तंबाखू मळली. “आरं, माझ्या गावाकडं बी पेरण्या चालल्यात. मी गेलो का? अकरा वर्षं झाली. आता कधी गेलोच तर भाऊ खुर्ची आणून देतो बसायला.”

हे त्याने फुशारकीने सांगितलं की कशाने, ते अंकुशला कळलं नाही.

चार दिवस. अंकुशच्या शेताला आवणीला, म्हणजे भाताची रोपं लावायला, बरोबर चारच दिवस लागत.

भोकरपाड्यावर अंकुश आणि जिव्या यांची शेतं एकाच उतारावर, एका बांधाने जोडलेली. दोघांची घरंही हाकेच्या अंतरावर. आश्रमशाळेतून दोघे एकाच दिवशी पळून आले होते आणि मार दोघांनी एकाच ओट्यावर खाल्ला होता. पुढे दोघांच्या बायका, भाग्यश्री आणि जिवली, एकाच वर्षी पाड्यावर आल्या. दोन घरांत चार माणसं कामाची. पोरं आश्रमशाळेत. आवणीला हे चौघे आधी जिव्याच्या शेतात उतरत, मग अंकुशच्या. माणसाच्या बदल्यात माणूस, दिवसाच्या बदल्यात दिवस. याला सावड म्हणतात. जिव्याच्या शेताला पाच दिवस लागत, अंकुशच्या चार. तो एक दिवस कुणी कधी विचारला नव्हता. जिव्याकडे बैल होते, अंकुशकडे नव्हते. अंकुशच्या शेताची चिखलणी जिव्या करून टाकायचा, तेही कुणी विचारलं नव्हतं.

रविवारी संध्याकाळी अंकुश बांधावर गेला. जिव्या फावड्याने बांधाचं भोक बुजवत होता. अंकुशला बघून त्याने नेहमीप्रमाणे हात पुढे केला आणि त्याची नखं तपासली. रंगखात्यातल्या माणसाच्या नखांवरून त्या आठवड्यात कुठलं कापड निघालं ते कळायचं.

“हिरवा,” जिव्या म्हणाला. “मग काय, आता नुसता शेतात उभा राहा. आवणी झाली असं समजू.”

“औंदा माझं आधी घेऊ.”

“का रं?”

“सुट्टी आताच हाय. उद्यापास्न चार दिस.”

जिव्याने खाली राबाकडे, रोपांच्या वाफ्याकडे पाहिलं. त्याचं रोप आधी पेरलेलं, हातभर आलेलं, पोपटी. “वीस दिस झालं माझ्या रोपाला. चार दिस थांबल म्हणा.” मग त्याने फावडं खांद्यावर टाकलं. “घे. तुझं आधी.”

अंकुश यात एकही शब्द खोटा बोलला नाही. पाचव्या दिवसाबद्दल त्याला कुणी विचारलं नाही, म्हणून त्याने सांगितलं नाही. पाड्यावर पुढे या गोष्टीचा बराच कीस पडला, पण हे त्याच्या बाजूने धरायला हवं.

ते चार दिवस चांगले गेले. पाऊस हवा तेवढाच, डोक्यावर प्लास्टिकचे कागद बांधलेले, पायाखाली मऊ चिखल. सकाळी राबातलं रोप उपटायचं, मुठी बांधायच्या, खाचरात फेकायच्या आणि पाठी वाकवून मागे मागे सरकत लावत जायचं. बायका एका ओळीत, बाप्ये दुसऱ्या.

“अंक्याची ओळ बघ,” जिवली म्हणाली. “रस्ता दारू पिऊन आलाय.”

“कंपनीत सरळ कापड जातं ना, मग इथं वाकडं चालतं त्याला,” भाग्यश्री म्हणाली.

“मला बोलता, जिव्याला नाय बोलत कुणी.”

“त्याला काय बोलायचं? तो देवमाणूस!” जिवली म्हणाली. “घरात मीठ नसलं तरी शेजारी विचारून येतो, तुमच्याकडं हाय ना? नसलं तर आमच्यातलं देतो.”

सगळे हसले. जिव्याही हसला, पण त्याला ते मनापासून आवडलंही होतं. चांगला म्हणून नाव असलेल्या माणसाला त्या नावाची सवय लागते. जिव्या कुणाला नाही म्हणायचा नाही, मागायचा नाही, बोलून दाखवायचा नाही. कुणी चुकला तर तो गप्प राहायचा आणि चुकणाऱ्याला ते गप्प राहणं मारापेक्षा जास्त लागायचं. हे त्याला ठाऊक नव्हतं असं मानायला जागा नाही.

संध्याकाळी दोघी बोरिंगवर जात. पाड्याचा हातपंप जुना. दांडा सोडला की पाणी खाली उतरतं आणि पुन्हा वर यायला दहा-बारा झटके कोरडे मारावे लागतात. म्हणून एकीने दांडा मारत राहायचा आणि दुसरीने हंडे बदलायचे. मग दगडावर बसून एकमेकींच्या पायाला मेंदीचा पाला वाटून लावायचा. चिखलात दिवसभर उभं राहिलं की बोटांच्या बेचक्या सडतात, चिखल्या होतात. मेंदीने जरा थांबतं. स्वतःच्या पायाला लावता येत नाही असं नाही. पण तशी पद्धत नव्हती.

चौथ्या दिवशी शेवटची मूठ लावून झाल्यावर जिव्या कंबर सरळ करून म्हणाला, “उद्या माझ्याकडं. जिवली सुकट आणून ठेवल.”

अंकुश बांधावर पाय धूत होता. सांगायला ही वेळ चांगली होती. त्याने पाय पुन्हा धुतले.

दुसऱ्या दिवशी उजाडताना भाग्यश्रीने पाहिलं, तर नवरा कंपनीचा शर्ट घालून उभा.

“हे काय?”

“खाडा नाय करता येत. कायम करतात मला, गणपतीपर्यंत खाडा नाय झाला तर.”

“कवा कळलं?”

तो डबा पिशवीत घालत राहिला.

“अंकुश, कवा कळलं तुला?”

“रविवारी.”

भाग्यश्री चुलीपाशी बसली होती, तिथून उठली. “म्हणजे आपलं आधी घेतलं ते...”

“मी माणसं पाठवतो. माझ्या बदल्यात एक लागतो, मी दोन पाठवतो. कंपनीच्या खोलीवरची बिहारची पोरं हायत, त्यांची रात्रपाळी असते. शेतीतली हायत, मला ठाऊक हाय. जिव्याचं काही खोळंबत नाय.”

“तू सांग त्याला जाऊन. घर समोर हाय.”

“इको जाल निघून. तू सांग.”

गेला. जाताना जिव्याच्या अंगणासमोरची वाट सोडून करवंदीच्या मागून गेला. ते भाग्यश्रीने पाहिलं, आणि दारात तोंड धूत असलेल्या जिव्यानेही.

तिने सांगितलं तेव्हा जिव्या एवढंच म्हणाला, “चांगलं हाय. कायम झाला तर चांगलंच हाय.” आणि बैल सोडायला गेला. जिवलीने मात्र हातातली सुकट परत डब्यात टाकली.

नऊच्या सुमाराला ते दोघे आले. वीस-बावीस वर्षांची पोरं, पँटी गुडघ्यापर्यंत दुमडलेली. चिखलात उतरली आणि काय हात त्यांचा! मूठ सोडली की चार-चार काड्या, टप टप टप, दोरी लावल्यासारखी ओळ. भाग्यश्रीच्या मनातली धास्ती उतरली. ती मनात म्हणाली, आता जिव्यादादा काही बोलायचा नाही. दुपारपर्यंत त्यांनी एक अख्खं खाचर पुरं केलं.

दुपारी जिव्याने त्यांना ओट्यावर बसवलं, भात वाढला, सुकटीचं कालवण वाढलं, पुन्हा वाढलं. हात धुऊन झाल्यावर त्याने त्यांना त्यांच्या चपला आणून दिल्या. स्वतःच्या हाताने.

“भइया, कोई गलती हुआ क्या?” थोरला म्हणाला.

“गलती नाय. काम अच्छा हाय. हमसे अच्छा हाय,” जिव्या म्हणाला. “पर ये सावड हाय. ये जिसका हाय, उसकोच करना पडता.”

“हमारे तरफ भी होता है,” धाकटा हळूच म्हणाला आणि अंगठ्याने चिखल खरवडू लागला. “अंकुश भाई तो बोले मजदूरी है.”

दोघे फाट्याकडे चालत गेले. जिवली नवऱ्याकडे बघत राहिली.

“दोन माणसं परत लावलीस? आभाळ बघितलंस?”

“बघितलं.”

“मग?”

“त्याचं तो देल.”

“आणि नाय दिलं तर?”

जिव्या खाचरात उतरला. वाकला. त्याच्या पाठीकडे बघून काही बोलता येत नाही.

तिघांनी पाच दिवस काढले. चौघांचं काम तिघांवर, त्यात रोज सकाळी कुणी तरी येईल म्हणून थोडा वेळ वाट बघण्यात जायचा. कुणी आलं नाही. अंकुश अंधुक उजेडात करवंदीमागून जायचा आणि दिवेलागणीला तसाच यायचा. पाच दिवसांत खालची खाचरं झाली. वरची तीन राहिली.

सहाव्या दिवशी ऊन पडलं.

आठ दिवस पाऊस आला नाही. वरच्या खाचरांतलं पाणी खाली झिरपलं, चिखल आवळला, मग त्याला बारीक भेगा गेल्या. राबातलं रोप मात्र वाढत राहिलं. पोपटीचं गर्द झालं, काडी टणक झाली. अंकुशच्या शेतातलं रोप तोवर रुजून उभं राहिलं होतं. बांधाच्या एका बाजूला हिरवं, दुसऱ्या बाजूला तपकिरी. इकोतून येणाऱ्यांना फाट्याच्या चढावरूनच ते दिसायचं. इकोत कुणी काही बोलायचं नाही. फक्त अंकुशशेजारी बसलेला माणूस तेव्हा बाहेर बघायचा.

नवव्या दिवशी पाऊस परतला. जिव्याने पुन्हा बैल जुंपले, वरची खाचरं पुन्हा चिखलली. भाग्यश्री सकाळी जाऊन राबात वाकली.

“वयनी, तुझे पाच झाले,” जिव्या बांधावरून म्हणाला.

“हे त्याचे.”

“त्याचे तोच देल.”

ती उठली नाही. जिव्याने तोंड फिरवलं; हो म्हणाला नाही, नको म्हणाला नाही. जिवली तिच्या शेजारी येऊन वाकली.

“दोघा बाप्यांचा मान राहतो,” जिवली पुटपुटली, “आणि कंबर आपली जाते.”

जून रोप उपटायला दुप्पट जोर लागतो. मुळं जमीन सोडत नाहीत. पानांच्या कडेने बोटं चिरतात. शेंडे कापून, दाट धरून लावायचं, तरी ते उभं राहीलच असं नाही. पाच दिवस भाग्यश्री गेली. तीनपैकी एक खाचर झालं. उरलेल्या दोनांसाठी ठेवलेल्या रोपाला पेरं धरली होती. ते लावून उपयोग नव्हता. जिव्याने ते बैलांपुढे टाकलं.

शेवटच्या दिवशी भाग्यश्रीला चपलेत पाय घालता येईना. बेचक्यांतून पाणी वाहत होतं, डाव्या पायाची करंगळी तर जांभळी झालेली. घरी ती भिंतीला टेकून बसली. अंकुशने पाय बघितला आणि पिशवीतून एक ट्यूब काढली.

“कंपनीच्या पेटीतली हाय. लाव.”

“ठेव तिथं.”

“कुणी सांगितलं होतं तुला पाच दिस जास्त जायला?”

“कुणी नाय सांगितलं. म्हणून गेली.”

त्याने ट्यूबचं झाकण उघडलं, बंद केलं. त्याला तिचा पाय हातात घ्यावा असं वाटलं असावं. हात पुढे आलाही. पण त्या आठवड्यात जांभळं कापड होतं, त्याची बोटं मनगटापर्यंत जांभळी होती, आणि तिच्या पायाचा रंग आणि त्याच्या हाताचा रंग एकच दिसला तसा तो थांबला.

“तुझ्यासाठीच करतो ना सगळं,” तो म्हणाला.

“मी बसमध्ये बसणार हाय का?” ती म्हणाली. तिला हसू आलं आणि ते हसू आल्याचाच राग आला.

गणपती झाले. अंकुश कायम झाला.

शिवाजीने शब्द पाळला. कार्ड आलं, फोटोत अंकुश घाबरलेला दिसत होता. किल्ली आली. बसमध्ये खिडकीजवळची जागा मिळाली. पहिल्या सकाळी फाट्यावरून बस सुटली तेव्हा बाजूने इको जात होती; दारात एक पाय आत, एक बाहेर ठेवून पाड्यावरचा मितेश उभा होता. अंकुशने काचेतून हात केला. काचेवर पाणी होतं, मितेशला दिसला नसेल. गेटवरच्या माणसाने कार्ड बघितलं आणि म्हणाला, “अंकुश? आओ, अंकुश.” दिवसभर त्याच्या कानात ते राहिलं. पाळी सुटल्यावर ते कुणाला तरी सांगावं असं वाटलं, आणि सांगण्यासारखा एकच माणूस होता.

त्याने पालघरहून पेढे आणले आणि महिन्या-दोन महिन्यांनी पहिल्यांदा समोरच्या वाटेने जिव्याच्या अंगणात गेला.

“ये...” जिव्या म्हणाला, आणि मग म्हणाला, “या. या अंकुशराव.”

अंकुश सवयीने उखळाकडे वळला. बावीस वर्षं तो त्या पालथ्या उखळावर बसत आला होता. तोवर जिव्या आतून खुर्ची घेऊन आला. घरातली एकुलती एक प्लास्टिकची खुर्ची. ती ग्रामसेवक आला तर निघायची, नाहीतर लस टोचणारी बाई आली तर. जिव्याने ती पंच्याने पुसली.

“आरं, खुर्ची कशाला?”

“बसा ना. कपडे खराब होतील.”

अंकुश बसला. खुर्चीचा एक पाय आखूड होता, ती डुगडुगत होती. जिव्या खाली बसला, म्हणून अंकुशला त्याच्या डोक्याच्या मधोमध पडलेलं टक्कल दिसलं. एवढी वर्षं ते कधी दिसलं नव्हतं.

“पेढे आणले.”

“चांगलं केलंत. जिवली, चहा ठेव. साखरेचा.”

“माझे हात बघ,” अंकुशने दोन्ही हात पुढे केले. “घडीखात्यात टाकलं. रंग नाय आता.”

जिव्याने हात पुढे केला नाही. बसल्या जागेवरून बघितलं. “स्वच्छ झाले,” तो म्हणाला.

“जिव्या, शिवी दे. पण असं नको करू.”

“शिवी कशाची? तुमी काय वाईट केलं?” जिव्याचा आवाज इतका मऊ होता की त्यात बोट रुतावं. “माणूस पुढं जातो. जायाच पायजे.”

चहा आला. कपबशीत आला. अंकुश आजवर त्या घरात पितळीतून चहा प्यायला होता. त्याने तो बशीत न ओतता गरम गरम संपवला आणि जीभ भाजून उठला.

भात कापला, मळला. जिव्याच्या घरात त्या वर्षी दोन खाचरांचा भात आला नाही. त्याने ते कुणाला सांगितलं नाही, त्यामुळे ते सगळ्यांना कळलं. दिवाळीनंतर तो आणि जिवली वसईकडे वीटभट्टीवर गेले, होळीला परत आले. आधीच्या सात वर्षांत त्यांना जावं लागलं नव्हतं.

पुढचा जुलै आला. कायम माणसाला रजा असते. अंकुशने पाच दिवसांची रजा टाकली. आता घडीखातंही बघणाऱ्या शिवाजीने सही करता करता वर बघितलं.

“कुणाची आवणी?”

“मित्राची.”

“आणि तुझी?”

“माझीला माणसं सांगितलीत.”

शिवाजीने सही केली. “जा,” तो म्हणाला. “मला न्हाई जमलं कधी.”

त्या वर्षी जिव्याची सावड वरच्या आळीतल्या मितेशच्या घराशी लागली होती. अंकुश पहाटे जाऊन बांधावर उभा राहिला. बरोबर भाग्यश्री नव्हती. जिव्याने निरोप धाडला होता, वयनीला यायची गरज नाही, तिचं काही राहिलेलं नाही.

“गेल्या वरसाचे पाच,” अंकुश म्हणाला.

जिव्याने मान हलवली आणि त्याला राबाची एक बाजू दाखवली.

पाच दिवस अंकुश राबला. कंपनीतल्या कोरड्या हातांना पहिल्याच दिवशी फोड आले. दुसऱ्या दिवशी पाठ धरली. दुपारी त्याला सगळ्यांच्या आधी वाढायचे. त्याची ओळ वाकडी गेली तरी कुणी हसलं नाही. मितेशने एकदा तोंड उघडलं होतं, “अंकुशदादाची ओळ...” पण जिव्याने त्याच्याकडे बघितलं आणि तो गप्प झाला. जिवली मागून येऊन ती ओळ सरळ करून जायची, न बोलता. अंकुश रोज वाट बघायचा, आज कुणी तरी दारूचं म्हणेल. त्या एका टोमण्यासाठी त्याने कार्ड काढून दिलं असतं, असं त्याला तिसऱ्या दिवशी दुपारी वाटलं. चौथ्या दिवशी तेवढं वाटलं नाही. माणसाचं असंच असतं.

पाचव्या दिवशी संध्याकाळी शेवटचं खाचर झालं. अंकुश बांधावर पाय धूत होता. जिव्या शेजारी येऊन उभा राहिला.

“झालं,” जिव्या म्हणाला. “आमी दोघांनी तुमच्याकडं चार-चार दिस दिले. वयनीनं पाच दिले. तुमचे राहिले होते ते पाच आज झाले. वर एक-एक दिस तुमचा जातो, त्यात बैलांची चिखलणी धरा. फिटलं.”

अंकुशने वर बघितलं. “तू मोजत होतास? बैलांचं पण?”

“तुमी मोजलं, मग मलाही मोजाय लागलं.”

“भाग्यश्रीनं दहा दिस दिले,” अंकुश म्हणाला. “पाच नाय.”

“पाच तिचे. वरचे पाच मी मागितले नव्हते.” जिव्याने फावडं उचललं. “तुमी पाठवलं होतं तिला?”

“नाय.”

“मग?”

  देणं होतं तोवर अंकुशला त्या अंगणात जायला कारण होतं, आणि जिव्यालाही त्याच्यावर गप्प राहायला कारण होतं. आता तेही संपलं. जिव्याने फावडं खांद्यावर टाकलं आणि तो वर गेला. अंकुश खाली गेला.

अंकुशचं शेत त्या वर्षी त्याच दोन बिहारी पोरांनी तीन दिवसांत लावलं. ओळी अशा सरळ की पाड्यावरचे लोक बघायला आले. पोरं दुपारी बांधावर बसून आपापल्या डब्यातलं खायची. भाग्यश्रीने भात नेला तर थोरला म्हणाला, “नहीं भाभी, हमारा है.”

घरी येऊन अंकुश म्हणाला, “फिटलं सगळं.”

 भाग्यश्री हंडे घेऊन बोरिंगवर निघाली.

तेव्हा आता शेवटचं मांडायला हरकत नाही. अंकुशला कार्ड मिळालं, खिडकी मिळाली, किल्ली मिळाली, आणि नाव तर दोन ठिकाणी मिळालं. जिव्याची दोन खाचरं गेली आणि एक हिवाळा विटांत गेला. पण तो पाड्यावरचा सगळ्यात चांगला माणूस होता तो राहिला, आणि बरोबर होता हेही ठरलं. बाप्यांचे दिवस दिवसांशी जुळले, कुणाचं कुणाकडे काही उरलं नाही. भाग्यश्रीचे पाच दिवस मात्र कुणाच्याच नावावर लागले नाहीत. तिची डावी करंगळी अजून चपलेबाहेर राहते.

जिवली आता सकाळी पाण्याला जाते, मितेशच्या बायकोबरोबर. भाग्यश्री संध्याकाळी जाते. हंडा भरत आला की दांडा सोडून धावते, हंडा सरकवते, दुसरा लावते. तोवर पाणी खाली उतरलेलं असतं. मग पुन्हा दांडा धरायचा आणि मारायचा, दहा-बारा झटके, कोरडे. रोज चार हंडे.